पट्टी रिकामी आहे

— नाही, मी नाही कुठे म्हणतेय साहेब? उघडायचंच आहे. तुम्ही बसा तर आधी. ती नको, त्या खुर्चीचा हात निखळलाय, बाही अडकेल — ही घ्या. हां. मी एवढंच म्हणतेय की किल्ली सापडत नाहीये. आता सापडत नाहीये तर नाहीये, मी काय जादू करू? मगाशी होती, हातातच होती, यार्डातून आत आले, हात धुतले, फोन घेतला आणि मग — कुठे ठेवली कोण जाणे. हा खण बघितला, तो बघितला, ह्यात नुसते जळके फ्यूज आणि कुणाचा तरी चष्मा. पाणी घ्या. घ्या हो, उन्हातून आलात. गेटवरचा पहारेकरी फोनवर म्हणाला, खाजगी कंपनीचे समन्वयवाले साहेब आलेत, गाडी रस्त्यातच सोडून तरातरा चालत येताहेत — तेव्हाच म्हटलं, आता आपली धडगत नाही. गंमत केली. बरं, नाही करत.

हो, हो, माहिती आहे मला. परमिट परत आलंय. ह्याच कानांनी ऐकलंय — सगळे खाली उतरले, लाइन मोकळी आहे, चार्ज करा. तुमच्या सुपरवायझरनं कळवलं, आमचे फोरमनकाका हो म्हणाले, लोड सेंटरनं वीज सोडायचा हुकूम दिला, सगळं रीतसर. मग अडलंय कुठे? तर बाहेर यार्डातल्या त्या एका हँडलपाशी. ते अर्थिंगचं हँडल खाली आहे, म्हणजे उजवी लाइन जमिनीला जोडलेली आहे, आणि ते वर उचलल्याशिवाय कुणाच्या बापाला ती लाइन चालू करता येणार नाही. तिकडच्या टोकाकडून केली तरी वीज सरळ जमिनीत जाणार आणि धाडकन ट्रिप होणार. म्हणून तर तुम्हाला यावं लागलं. आता त्या हँडलला कुलपं दोन — एक तुमच्या कंपनीचं, एक आमच्या सरकारी कंपनीचं, करारच तसा आहे — ती दोन्ही निघाली. आणि तिसरं आहे ते कुणाचं, असंच ना? तिसरं कुलूप कुठल्या नियमात बसतं? कुठल्याच नाही. मला माहिती आहे, मी इथली ऑपरेटर आहे, नियम मलाही पाठ आहेत. ते — ते स्टोअरमधलं आहे. पडलं होतं. म्हटलं लावून ठेवू, आज वारा आहे.

वाऱ्यानं ते हँडल हलत नाही. बरोबर आहे तुमचं. धट्ट्याकट्ट्या माणसाला दोन्ही हात लावावे लागतात. मी एकटी हलवते, पण मला सवय आहे, ते सोडा.

तुम्ही कधी टॉवरखाली उभे राहिलायत? फोटोसाठी नाही, नुसतं? मान दुखते. एकाच टॉवरवर डावीकडे आमच्या तारा, उजवीकडे तुमच्या, आणि टॉवर आमच्या मालकीचे — म्हणजे दोन जावा आणि ओटा एक. पूर्वी काय होतं? पूर्वी नुसती भांडणं. आमची लाइन बंद असली की तुमची माणसं खाली बसून मजा बघणार, तुमची बंद असली की आमची. मग वरच्या साहेबलोकांनी करार केला, आणि चांगला केला, मी नावं ठेवत नाहीये हं — एक लाइन बंद असली की दुसरीनं दोन्ही कंपन्यांची वीज न्यायची, आणि बंद लाइनवर दोन्हीकडच्या टोळ्यांनी एकदमच चढायचं. परमिट एक, शटडाउन एक, काम झटपट. आधी लोक एकमेकांकडे बघायचे नाहीत, आता एका डब्यात जेवतात. आणि माणसं मोजायची पद्धतही ठरवून टाकली. दोन्ही टोळ्यांमध्ये मिळून गाडीच्या पाठीला हुकांची एक पट्टी. चढताना गळ्यातला बिल्ला काढून हुकाला अडकवायचा, उतरलं की आपला आपण काढून घ्यायचा. आमचे बिल्ले पिवळे, तुमचे निळे. पट्टी रिकामी झाली की वर कुणी नाही. किती सोपं, पहिलीतल्या पोरालाही कळेल. पट्टी रिकामी, म्हणजे माणसं खाली. पट्टी रिकामी असली की माणसं खालीच असणार, नाही का? असणारच की. नाही, पोटात दुखत नाहीये. मी पर्स अशीच पोटाशी धरून बसते.

तो मीटरचा काटा नका बघू हो सारखा, मी बघतेय ना. बघतेय म्हणूनच घाम फुटलाय. डावी लाइन एकटी दोघांचं ओझं वाहतेय, आणि आता लोक घरी येतील, दिवे लावतील, पंखे लावतील, मोटारी चालू करतील. काटा लाल पट्ट्याला टेकला की ती पण बसली. आणि ती बसली की सगळंच गेलं — दवाखाना, पाण्याचे पंप, सगळं. दवाखान्यात जनरेटर आहे, पण तो चालू होईपर्यंत मध्ये जो वेळ जातो ना, तेवढ्यात टेबलावर कुणी असलं तर? हे मला तुम्ही सांगायची गरज नाही, मीच रोज रात्री अंथरुणावर पडून हा विचार करते. आमची इमारत सात मजल्यांची, मुलगी ह्याच वेळेला क्लासवरून येते, लिफ्टमध्ये असेल आत्ता. अंधारात लिफ्टमध्ये अडकली की ती ओरडत नाही, गप्प बसते, हा अजून वेगळा ताप. म्हणजे मला कळत नाही असं समजू नका. मला सगळं कळतंय. किल्ली मिळाली की लगेच उघडते.

कोण? हो — आहेत. आमचे हे तुमच्याच कंपनीत आहेत. लाइनवर. कुणी सांगितलं तुम्हाला? बरं, त्यात लपवण्यासारखं काय आहे. आधी आमच्याकडेच होते, सरकारीत, लग्न झालं तेव्हा पण इथेच होते, करार झाल्यावर तुमच्या लोकांनी काम बघितलं आणि उचललं. पगार बरा दिलात, खोटं कशाला बोलू. टोळीत त्यांना खार म्हणतात — कारण काय, बाकीचे पायऱ्या मोजत चढतात, हा माणूस — हे चढले की खालच्यांनी तोंड उघडायच्या आत वर. आमच्याकडचे लोक अजून हक्क सांगतात त्यांच्यावर. आमच्या गाडीत बसतील, आमच्या लोकांबरोबर जेवतील, मग तुमचा सुपरवायझर रागावतो — हो, तोच, आमच्यात त्याला घड्याळ म्हणतात, हातातल्या घड्याळाशिवाय कशाकडे बघत नाही म्हणून. म्हणजे ना धड इकडचे, ना धड तिकडचे. मी गमतीनं म्हणते, आमच्या घरातच करार आहे, मी सरकारी, तुम्ही खाजगी, आणि लाइन एकच. हसतात त्यावर. हसायचे.

नाही, ह्याचा आणि कुलपाचा काही संबंध नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

बरं, आहे. थोडा आहे. हे बघा, हसू नका — रोज खाली उतरले की मला फोन करतात. नियम नाही, हुकूम नाही, आमचं आपलं घरचं. बोलायचं काहीच नसतं. ‘उतरलो.’ ‘बरं.’ संपलं. त्यानंतर मी ह्या हातानं हँडल उचलते. इतकी वर्षं असंच चाललंय, मी कधी त्यांचा फोन आल्याशिवाय हँडलला हात लावला नाही, आणि फोन नेहमी परमिटच्या आधी येतो, त्यामुळे कधी अडलंच नाही कुणाचं. आज परमिट आलं आणि फोन नाही आला. मी लावला तर बंद. दहा वेळा लावला असेल. बंद. मग मी घड्याळाला लावला, म्हटलं, आमचे हे उतरले का? तर म्हणतो, ‘वहिनी, पट्टी रिकामी आहे.’ म्हटलं, हो रे बाबा, पण ते उतरले का, तुला दिसतात का? तर म्हणतो, तुमच्या लोकांच्या ट्रकमध्ये बसले असतील, त्यांना सवयच आहे. मग आमच्या फोरमनकाकांना लावला. ते देवमाणूस आहेत, पण फोनवर ओरडून बोलतात आणि ऐकत काहीच नाहीत. म्हणाले, ‘पोरी, पट्टी मी स्वतः बघितली, रिकामी आहे, तुझा नवरा निळ्या गाडीत असेल, त्याचा साहेब आता त्याला आमच्यात बसू देत नाही.’ आता सांगा. हे म्हणतात त्यांच्यात, ते म्हणतात ह्यांच्यात.

आणि मग मी काय केलं? मी घरून आणलेलं — हो, घरचं आहे ते. स्टोअरमधलं नाही. माझ्या कपाटाचं कुलूप आहे, इथल्या, जिथे मी डबा आणि पर्स ठेवते. दोन्ही कंपन्यांची कुलपं काढून झाली. हँडल धरलं आणि उचलवेना. जड म्हणून नाही. मग कपाटाचं कुलूप काढून आणलं आणि लावलं, आणि आत येऊन लोड सेंटरला सांगितलं, थांबा, अडचण आहे. कसली अडचण ते विचारत राहिले, मी ‘हॅलो हॅलो, आवाज येत नाही’ करत राहिले. ह्या वयात. लाज वाटते मला.

तुम्ही बरोबर बोलताय. फोन बंद असू शकतो. बॅटरी उतरली असेल, ओढ्यात पडला असेल. किंवा — आता तुम्ही परके आहात, पण आलाच आहात तर सांगते — फोन नसेल करायचा म्हणून नसेल केला. सकाळी आमचं वाजलं. असं रोज वाजत नाही हं, आम्ही भांडणारे नाही, आम्ही दोघंही अबोला धरणारे, ते जास्त वाईट. तुमच्या कंपनीनं डोंगराकडच्या नव्या लाइनवर माणसं मागितली, ह्यांनी सही करून टाकली. मला विचारलं? नाही. घरात कुणाला? नाही. मला कुठे कळलं? तर भाजी घेताना, घड्याळाच्या बायकोकडून. ती म्हणते, ‘आता वर्षभर एकटीच ना तुम्ही?’ मी हसले, म्हटलं हो ना. भाजीवाल्यासमोर काय तोंड उघडणार? सकाळी घरी विचारलं तर म्हणतात, सांगणारच होतो. सासूबाई मध्ये पडायला गेल्या, त्यांनाही बोलले. मग मी म्हटलं — म्हणायला नको होतं — म्हटलं, जायचंय तर आजच जा, आमचं काही अडत नाही तुमच्यावाचून. झालं. दारात चपला घालता घालता म्हणाला, आज फोनची वाट बघू नकोस.

म्हणून म्हणते, राग असेल. राग असेल तर तो आत्ता कुठेतरी ट्रकच्या मागे पाय सोडून बसलाय, फोन मुद्दाम बंद करून, मला चांगली अद्दल घडवतोय. आणि मी मात्र इथे अख्ख्या गावाचा गळा धरून बसलेय. ते खरं असलं तर माझी नोकरी जाणार, आणि जाऊ दे, गेलीच पाहिजे. नवरा-बायकोच्या भांडणासाठी लाइन अडवली म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या हसतील. मी देवाला तेच मागतेय. माझं हसं होऊ दे, एवढंच मागतेय.

— काय झालं, कसला आवाज — बझर आहे, घाबरू नका, डाव्या लाइनचा. काटा टेकला. टेकला बघा लाल पट्ट्याला. थांबा, मी बंद करते आवाज, ह्या आवाजात मला काही सुचत नाही. अरे देवा. आता बसणार ही पण. साहेब, मी — हे घ्या. ही घ्या. पाण्याच्या तांब्याखाली होती, मीच ठेवली होती, मला माफ करा. ही बघा टेबलावर ठेवली, घ्या ती, आणि तुमच्या माणसाला सांगा उघडायला. मी नाही येत यार्डात. तुम्हीच उघडा, तुमच्या हातानं उघडा आणि मला सांगू नका. दवाखान्यात कुणी टेबलावर असेल, पोरगी लिफ्टमध्ये असेल, मी किती जणांचा जीव — घ्या ना. घ्या पटकन.

तुमचा फोन वाजतोय. बघा आधी, महत्त्वाचा असेल. काय? नाही, काही नाही, नुसता हात ठेवलाय. किल्लीवर नुसता हात ठेवलाय मी.

नाही देत. नाही, मी नाही देत साहेब. थांबा. ओरडू नका, मी सांगते. सगळं सांगते, पण आधी मला सांगा, तुमच्याकडे तीन मेमो झाले की काढून टाकतात, खरं आहे ना? दोन झालेत त्याचे. एक हेल्मेटचा, एक आमच्या ट्रकमध्ये बसला त्याचा. म्हणून मी तुम्हाला बोलले नाही. तुम्ही कंपनीचे माणूस, तुमच्यासमोर बोलले आणि तिसरा मेमो निघाला की डोंगर गेला आणि नोकरीही गेली, आणि सगळे म्हणणार, बायकोनंच काढवलं, तिला जायला द्यायचं नव्हतं म्हणून. तोही तेच म्हणेल. आयुष्यभर म्हणेल. म्हणून मी किल्ली हरवली म्हटलं, वारा म्हटलं, फोनचं सांगितलं. फोनचं खोटं नाही, पण फोनसाठी मी कुलूप लावलं नाही हो. एवढी खुळी नाही मी.

हे बघा. माझी पर्स. हा आतला कप्पा. हे.

निळा आहे. त्याचाच आहे, फोटो बघा. सकाळी भांडणात गळ्यातून काढला आणि टेबलावर टाकला, म्हणाला, घे, तूच सांभाळ ही नोकरी. आणि तसाच गेला. मला वाटलं, जिन्यात आठवेल, परत येईल. नाही आला. मग मीच पर्समध्ये टाकला, म्हटलं, गेटवर कुणाबरोबर तरी पाठवीन. इथे आले तर टोळ्या निघून गेलेल्या.

आता सांगा, बिल्ला नाही तर काय करतात? घरी पाठवतात आणि मेमो देतात. म्हणजे तो तिथे सांगणार का, की माझा बिल्ला घरी राहिलाय? मरेल पण सांगणार नाही. गुपचूप चढणार. तुमच्या घड्याळानं विचारलं नाही, कारण हा आमच्या लोकांच्या घोळक्यात होता, त्याला वाटलं तिकडे अडकवला असेल. आमच्या काकांनी विचारलं नाही, कारण तो आता निळा, त्यांना काय त्याचं. कळतंय का तुम्हाला? तो चढला तेव्हाही पट्टीवर काही नव्हतं. तो वर असताना पट्टी रिकामी, तो खाली असला तरी पट्टी रिकामी. आणि मी ज्याला फोन करते तो मला म्हणतो, वहिनी, पट्टी रिकामी आहे.

हो. हो, करा. करा फोन. लगेच करा. स्पीकरवर नको, मला ऐकवणार नाही — नाही, ऐकवा. घड्याळालाच लावताय? तो परत फिरलाय, जीपमध्ये आहे, त्याला मागे फिरवा. काय सांगताय त्याला? पट्टी नका विचारू साहेब, पट्टी नका विचारू त्याला, तो परत तेच सांगेल. मान वर करून बघ म्हणावं. एकेक टॉवरखाली गाडी थांबव आणि मान वर कर. हाका मार. ओढ्यापलीकडे वळणावर जे टॉवर आहेत ना, ते डोंगराआड येतात, तिथे उतरायची शिट्टी ऐकू जात नाही, तिकडे आधी जा म्हणावं. तिकडचं काम नेहमी ह्यालाच देतात. लवकर चढतो म्हणून.

आणि डाव्या लाइनवरचा बोजा कमी करा, तुमच्या कारखान्यांना सांगा थोडा वेळ बंद करायला. तुम्ही सांगू शकता, मी नाही. सांगितलंत? बरं झालं. हे आधीच करता आलं असतं, नाही का. मी बोलले असते तर. माझं तोंड शिवलं होतं.

मला फार भीती वाटतेय साहेब. मी इतकी वर्षं हे हँडल उचलतेय, मला कधी दिसलं नाही पलीकडे काय असतं. इथून काय दिसतं? ही खडी, ते इन्सुलेटर, कुंपण आणि मग तारा जातात आभाळात. चार्ज केली की थोडा आवाज येतो, गुंई असा, बस्स. माणसाला काय होतं ते मी एकदाच बघितलंय, आमच्याकडचा होता, त्याची बायको आली होती ओळखायला आणि तिनं बुटांवरून ओळखलं. ते मी घरी कधी बोलले नाही. ह्याच्याशी पण नाही. तो म्हणायचा, तू का फोनसाठी एवढी हटून बसतेस, आम्ही काय लहान आहोत? आणि मी म्हणायचे, सवय. सवय कसली.

काटा उतरतोय. बघा, उतरला थोडा. तुमच्या लोकांनी ऐकलं. चांगले आहेत.

किती वेळ लागतो हो ओढ्यापर्यंत जायला? तो रस्ता वाईट आहे. हा बिल्ला ठेवा तुमच्याकडे, तुम्हाला लागेल ना, मेमोला. नाही, मी रागानं नाही बोलत. ठेवा. मला आता काही नको, नोकरी जाऊ दे, डोंगरावर जाऊ दे, दोन डोंगर पलीकडे जाऊ दे, मी स्वतः त्याची बॅग भरून देईन —

वाजला. घ्या. घ्या ना.

काय? काय म्हणतोय तो? सांगा ना. आहे? कुठे आहे? वर? म्हणजे वर वर? वळणावरच्या — ओढ्यापलीकडच्या टॉवरवर. हं. हं. पट्टा बांधून. तारेवर. तारेवर बसून नट आवळतोय. त्याला माहितीच नाही काही. शिट्टी ऐकली नाही, बाकीचे गेले ते कळलं नाही, एकटाच बसून रागारागानं नट आवळतोय. आता घड्याळ खालून बोंबलतोय तर हा म्हणतोय, आलो, एवढा एक राहिलाय. एवढा एक राहिलाय म्हणतोय.

साहेब, तुम्ही बसा. बसा खाली. ती मोडकी आहे ती, इकडे बसा. तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. पाणी देते, थांबा.

किल्ली इथे होती ना मगाशी? इथे, तुमच्यासमोर. मी दिली होती तुम्हाला. मी तर दिलीच होती, घ्या म्हटलं, पटकन घ्या म्हटलं. तुम्ही हात पुढे पण केला होतात, मी बघितला तुमचा हात, आणि तेवढ्यात तुमचा फोन वाजला आणि तुम्ही बघायला वळलात. तेवढ्यातच मी ती परत ओढली. फोन वाजला नसता तर तुम्ही उचलली असती. तुमचा काय दोष, मीच देत होते. कुणाचा होता हो तो फोन? घरचा? मग कुणाचा?

बँकेचा. कार्ड हवंय का म्हणून.

नका सांगू त्याला. हे कुणालाच नका सांगू साहेब, मेमो द्या, माझ्यावर काय लिहायचं ते लिहा, बिल्ल्याचं लिहा, कपाटाच्या कुलपाचं लिहा, पण हे नका सांगू. त्याला कळलं तर तो परत कधी नीट चढू शकणार नाही. आणि मी तर —

नाही, बोलायचं नाही मला त्याच्याशी. तो आधी खाली येऊ दे. जमिनीवर दोन्ही पाय टेकू देत, तुमच्या माणसाला त्याचा दंड धरायला सांगा, हातानं धरायला, आणि मग मला सांगा. मग मी येते आणि कुलूप काढते. मीच काढणार. तोवर हँडल नाही उचलवणार माझ्यानं. गाव थांबेल थोडं. थांबू दे.

तुम्ही बाहेर बसता का जरा? व्हरांड्यात बाक आहे. नाही, मला काही नको. डॉक्टर नको, पाणी नको. मला रडायचंय आणि मला कुणासमोर रडता येत नाही. फोन घेऊन जा तुमचा. दार ओढून घ्या. पूर्ण ओढा, ते मधेच अडकतं. जा हो.